बिनघुंची पेटी

भाऊ कोणाच्याही घरी गेले की आधी बसत नसत. रेडिओ कुठे आहे ते बघत, तो लावत आणि आवाजाचं बटण पार खाली आणत. घरच्यांना वाटे, पाहुण्याला बातम्या नको असतील. भाऊंना बातम्यांच्या खाली काय आहे ते ऐकायचं असे. मान तिरपी करून ते क्षणभर थांबत, "आहे" म्हणत आणि मगच चहा घेत.

"आहे" म्हणजे घुं. विजेवर चालणाऱ्या यंत्रातून सतत येणारा तो दबका, एकसुरी आवाज. तो आपल्या सगळ्यांच्या कानावर पडतो आणि कोणाचंच त्याच्यापायी अडत नाही. भाऊंचं अडत असे.

अमरावतीत अजूनही जुने लोक बसले की भाऊंची गोष्ट निघते. डोक्यातच घुं शिरलेला अकोल्याचा रेडिओवाला म्हणून हसत हसत सांगतात. मीही त्या हसण्यात बसलो आहे. बोलायची मला सवय नाही, आणि ज्या गोष्टीत आपण वाईट दिसतो ती सांगायची तर कोणालाच नसते. पण ती गोष्ट खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. म्हणून लिहितो.

भाऊ मूळचे हिवरखेडचे. घरी काळीची शेती होती, ती त्यांचे दोघे थोरले भाऊ बघत. हे सायन्स शिकायला अकोल्यात आले आणि गणितात दोनदा आपटले. "गनित माह्यं चांगलं होतं," असं ते म्हणत, "पेपर वाईट होता." मग एका सिनेमा थिएटरात मशीनवर लागले. तिथून काढलं, कारण नायिका रडत असताना यांनी खेळ मधेच बंद केला. मॅनेजर धावत वर गेला तर हे पडद्यामागचा लाऊडस्पीकर तपासायला खाली चाललेले. "रडन्याच्या खाली घुं होती," भाऊंनी सांगितलं. "लोकाइले वाटलं असतं, बाई कन्हून राहिली."

मग कापूस बाजारामागच्या गल्लीत स्वतःचं दुकान टाकलं. पाटीवर 'रेडिओ' असा एकच शब्द आणि खाली खडूने, 'घाई असल्यास पुढे जावे'. पुष्कळ लोक पुढे जात. भाऊंना त्याचं काही नसे. अकोला-अमरावतीत लाऊडस्पीकर समजणारा आपण एकटेच, असं त्यांचं मत होतं आणि ते मागितल्याशिवायही मिळे.

घुंचे त्यांनी दोन प्रकार केले होते. पोटातली आणि गळ्यातली. "डॉक्टर पह्यले काय पाह्यते? दुखते कुठं. तसंच हे." आधी लाऊडस्पीकरची तार काढायची. तरी घुं येते? मग ती पोटातली, म्हणजे ट्रान्सफॉर्मर स्वतःच वाजतो. त्याचे लोखंडी पत्रे ढिले असतात, ते वीज फिरली की थरथरतात. तिथे पेच आवळा, पत्र्यांत बांबूची पाचर मारा, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला. तार काढल्यावर बंद झाली तर गळ्यातली. मग अर्थिंग बघा, कंडेन्सर बघा, कोणती तार कोणाच्या शेजारी झोपली आहे ते बघा. "अन् काहीच सापडलं नाई, तं ट्रान्सफॉर्मर आडवा करून पाहा. मानसाचंही तसंच आहे. कूस बदलली की घोरनं थांबते."

पोटातली घुं शोधायला त्यांना लाकूड लागे. एक टोक ट्रान्सफॉर्मरवर, दुसरं कानामागच्या हाडावर. बाजारात मिळणारं कोणतंच लाकूड त्यांना पसंत पडेना, घरातलं लाटणं पडलं. ते दुकानात गेलं ते गेलंच. मी एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पोया नाईत. लाटनं ड्युटीवर आहे. भाकर खा."

भाऊ मान वर न करता म्हणाले, "दुसरं आन म्हटलं तं आनत नाई."

"आनलं होतं. तेही नेलं. म्हने, एक डाव्या कानाचं, एक उजव्या."

त्यांच्या कानाबद्दल मात्र शंका नव्हती. घुं पांढरी पाचच्या जराशी वर असते, हे त्यांनी मला हार्मोनियमवर बोट ठेवून दाखवलं. कापसाच्या दिवसांत सरकी काढायच्या जिन सुरू झाल्या की पॉवरहाऊसवर ओढ येई आणि घुं किंचित खाली उतरे. भाऊ दुकानात बसल्या बसल्या सांगत, "जिन सुरू झाली." मग दूरवर भोंगा होई. गिऱ्हाईक चकित होऊन बघे. भाऊ गिऱ्हाइकाला आणखी चकित व्हायला वेळ देत.

माझी त्यांची ओळख आमच्या वस्तीतल्या जयंतीला झाली. दीक्षेनंतरचं दुसरं-तिसरं वर्ष असेल. मिरवणूक लागलेली, निळे झेंडे उभारलेले, माझे चुलत आजोबा भोंग्यावरून बोलायला उभे राहिलेले. दोन वाक्यं झाली आणि लाऊडस्पीकर लावायला आलेल्या भाऊंनी मशीन बंद केलं. आजोबा मशीनपाशी आले.

"बापू, हजारो वर्सं आमचा आवाज कोनी आयकला नाई. आज भोंग्यातून निंगून राहिला, तं तू त्याले बंद करतं?"

"म्हनूनच आजोबा," भाऊ पेचकस दातांत धरून म्हणाले. "इतक्या वर्सांनी निंगून राहिला, तं साफ निंगू द्या."

आजोबा म्हणाले, "कर मंग. पन लवकर कर. उन्हानं लेकरं वाळून राहिली."

त्या दिवशी आजोबांचा आवाज पार रेल्वे फाटकापर्यंत स्वच्छ गेला, आणि मी भाऊंचा झालो.

पुढे मला सरकारी कचेरीत नोकरी लागली, बदली अमरावतीला झाली. गाण्याचं वेड होतं. तिथल्या संगीत मंडळात सतरंज्या घालता घालता एक दिवस सेक्रेटरी झालो. माझ्या निवडीच्या वेळी दोन सभासदांनी प्रकृतीच्या कारणाने राजीनामे दिले. त्यांच्या प्रकृती चांगल्या होत्या. अध्यक्ष वकीलसाहेब माझ्यामागे उभे राहिले म्हणून ते निभलं. हे सांगतो ते सबब म्हणून नाही. ते पद माझ्या लेखी किती मोठं होतं, एवढंच कळावं.

पहिल्याच मोठ्या बैठकीला मी लाऊडस्पीकरसाठी अकोल्याहून भाऊंना बोलावलं. गायला पुण्याच्या एक बाई. हॉल भरलेला, तंबोरे लागलेले, आणि भाऊ मशीन उघडून बसलेले. पंधरा मिनिटं, अर्धा तास. मागच्या रांगेतले लोक पान खायला म्हणून गेले. शेवटी भाऊ थेट बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, तुमचा षड्ज पांढरी पाच. माही घुं जराशी वर. विजेले खाली आनता येत नाई. तुमी वर या."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंनी मात्र डोळे मिटून ऐकलं. "खरंच की. किती वर येऊ?"

"केसभर."

बाईंनी दोन्ही तंबोरे केसभर वर घेतले. हार्मोनियमवाले म्हणाले, माझे सूर कसे वर न्यायचे? भाऊ म्हणाले, "मंग तुमी आज गानं आयका." आणि खरं सांगतो, त्या संध्याकाळी ती घुं जणू तिसरा तंबोरा झाली. मध्यंतर होईपर्यंत. मग गावातल्या जिन बंद झाल्या, विजेवरची ओढ कमी झाली आणि घुं वर सरकली. भाऊ शेवटच्या रांगेत उभे राहून बाईंना अंगठ्याने खूण करू लागले. वर. अजून वर.

बाई तान अर्धी सोडून हसायला लागल्या. "आता मी नाही हो येणार वर. तुमची वीज तुम्हीच सांभाळा."

सगळा हॉल हसला. वकीलसाहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. "गाणं बाईंचं होतं की तुमच्या मित्राच्या मशीनचं? अर्धा तास लोक ताटकळले. पुन्हा असं झालं तर लोक त्याला बोलणार नाहीत. तुम्हाला बोलतील. आणि तेव्हा मला मधे पडता येणार नाही."

यातलं अर्धं मी भाऊंच्या कानावर घातलं. माझ्याबद्दलचं अर्धं गाळलं. भाऊंना लोकांचं हसणं लागलं होतंच. ते म्हणाले, "पुढच्या साली बाईले बोलाव. मी बिनघुंची पेटी आनतो."

वर्षभर त्यांनी दुसरं काम घेतलं नाही म्हटलं तरी चालेल. त्या काळी मशीन वेगळं असे आणि लाऊडस्पीकर वेगळा, मधे तारांचं जंजाळ. भाऊंनी सगळं एकाच सागवानी पेटीत बसवलं. ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला, पत्रा पत्रा तासून बसवला, मेणात उकळला. त्यासाठी वहिनींचं पातेलं गेलं. पेटी झाली तेव्हा मी अकोल्याला जाऊन बघून आलो. भाऊंनी वीज दिली. काचेचे व्हॉल्व्ह आतून लाल झाले. मी कान लावला. काही नाही. विहिरीत डोकावावं तसं काही नाही. भाऊ माझं तोंड बघत होते. इतका आनंदलेला माणूस मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

त्याच आनंदात मी त्यांच्याकडून एक वचन काढून घेतलं. हॉलमध्ये पेटी उघडायची नाही. तुमच्याशिवाय आणखी एखाद्याला घुं ऐकू आली तरच उघडायची.

"हाव, कबूल! माह्या पेटीत घुं असंल तं बहिऱ्यालेही आयकू येईन."

पेटी अमरावतीला आली ती एस.टी.च्या टपावरून. मूर्तिजापूरच्या पुढचा रस्ता तेव्हा कसा होता, ते त्या रस्त्याने गेलेल्यांना माहीत आहे.

आता ते सांगायचं. बैठकीच्या दिवशी दुपारीच मी वकीलसाहेबांना भेटलो, तबलजींना, हार्मोनियमवाल्यांना भेटलो आणि सगळ्यांना सांगून ठेवलं. भाऊंनी विचारलं तर 'काही ऐकू येत नाही' म्हणा, काहीही झालं तरी. कल्पना माझी. वकीलसाहेबांना ती इतकी आवडली की त्यांनी माझी पाठ थोपटली.

संध्याकाळी पेटी लावली. घुं होती. कान लावायचीही गरज नव्हती. सागवान सारंगीसारखं घुमत होतं. मी धावत आत बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "ऐकू येतंय मला. गायला अडचण नाही. पण त्यांना खोटं कशाला सांगू?" मी म्हणालो, "बाई, ते उघडून बसले तर माझं इथलं उठणं-बसणं संपेल." त्यांनी तंबोरा पुढे ओढला.

भाऊ एकेकाकडे गेले. तबलजी नाही म्हणाले. हार्मोनियमवाले गेल्या वर्षीचा राग आठवून जरा जास्तच ठासून नाही म्हणाले. वकीलसाहेब म्हणाले, "छे, अप्रतिम शांत आहे." भाऊ बाईंपाशी आले. बाई तंबोऱ्याकडे बघत म्हणाल्या, "नाही हो."

मग ते माझ्याकडे आले. पेचकस हातातच होता.

"सेक्रेटरी, तू खरं सांगजो. तुह्या कानाले मी शिकवलं आहे."

"नाही भाऊ. काही नाही."

त्यांनी पेचकस खिशात ठेवला. बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. गाणं अतिशय रंगलं. लोक अजून त्या बैठकीचं नाव काढतात. निघताना भाऊ मला एवढंच म्हणाले, "मंग हे माह्या कानातलंच असंल." पेटी मागे ठेवून गेले. नंतरही न्यायला आले नाहीत.

मी दर आठवड्याला ठरवत असे की अकोल्याला जाऊन सांगायचं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य घेऊन मी दोनदा अमरावतीजवळच्या बडनेऱ्याच्या स्टेशनवरूनच परत आलो. एकदा पोचलोही. दुकान बंद होतं. घरी भाऊ कानात लसणाचं तेल घालून आडवे पडलेले. वहिनी मला दाराशीच म्हणाल्या, "डाक्टर म्हनते, कान चांगले आहेत. याइले पटत नाई. काल घड्याळापाशी उभे राहून मले विचारलं, हे खरंच वाजून राहिलं का?"

मी सफरचंदं आणली होती. ती देऊन परत आलो.

पुढे त्यांनी दुकान मोडलं आणि परतवाड्याला मेव्हण्याच्या दुकानात इस्त्र्या दुरुस्त करू लागले. ते अमरावतीला कळलं आणि गोष्ट तयार झाली. डोक्यात घुं शिरली, बिचारा. माझं सेक्रेटरीपद टिकलं. दोघा सभासदांच्या प्रकृतीही सुधारल्या. मला मात्र त्या संध्याकाळपासून घुं फार चांगली ऐकू येऊ लागली. कचेरीतल्या पंख्याची, शेजारच्या रेडिओची, सगळ्यांची.

काही वर्षांनी मंडळच बंद पडलं. सामान वाटलं गेलं तेव्हा पेटी मी घरी आणली. महिनाभर ती कोपऱ्यात होती. मग एका रविवारी सकाळी परतवाड्याची एस.टी. धरली. पेटी टपावर दिली नाही. शेजारच्या सीटवर बसवून तिचं तिकीट काढलं. कंडक्टर म्हणाला, "बाई उतरनार कुठं?"

भाऊ दुकानाच्या पुढच्या भागात इस्त्री खोलून बसले होते. मागेच त्यांची राहायची खोली. केस पिकले होते. पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "हे काहून आनलं? मी आता इस्त्र्याच करतो. इस्त्री घुं करत नाई. गरीब जात."

वहिनींनी मला चहा आणून दिला. मी तो बाजूला ठेवून पेटीला वीज दिली. व्हॉल्व्ह लाल झाले आणि सागवान घुमायला लागलं. भाऊंची मान सवयीने तिरपी झाली. लगेच त्यांनी ती सरळ केली आणि इस्त्रीत खाली घातली.

"भाऊ, आहे," मी म्हणालो.

"काय आहे?"

"घुं. आहे. तेव्हाही होती. मला ऐकू येत होती, सगळ्यांना येत होती. नाही म्हणा असं मीच सांगून ठेवलं होतं."

भाऊंनी इस्त्रीचा पेच बशीत ठेवला. मग विचारलं ते एकच. "बाईलेही येत होती?"

"त्यांनाही. त्या तयार नव्हत्या. मी गळ घातली."

"मंग इतके दिवस मी कानात तेल काहून ओतलं बे?"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, माझा कप उचलला आणि भरलेला तसाच आत घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "भाऊजी, तुमी सफरचंद आनले होते ना तवा? मी याइले कापून खाऊ घातले. तुमचं नाव घेऊन."

इतकंच बोलल्या. त्या दिवसात पुन्हा माझ्याशी बोलल्या नाहीत.

भाऊ उठले. आत गेले. काहीतरी पडल्याचा, शोधल्याचा आवाज झाला. बाहेर आले ते लाटणं घेऊन. पेटीची मागची फळी काढली आणि आत हात घालून तळातून बोटभर लांबीची बांबूची काडी वर काढली.

"पाचर. एस.टी.नं पाडली. पाच मिन्टाचं काम होतं." आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "पाच मिन्टाचं."

त्यांनी पाचर पत्र्यांत घालून दोन ठोके दिले. घुं एकदम बसली. मग लाटणं कानाला लावायच्या ऐवजी त्यांनी ते मांडीवर आडवं ठेवलं.

"मी आयकून नाई राहिलो. तू सांग. थांबली का?"

मी कान पेटीच्या सागवानाला लावला. घुं अगदी थोडी उरली होती. बाहेर टांगा गेला तर बुडावी इतकी. समोर ते माझ्या तोंडाकडे बघत होते, अकोल्याला बघत होते तसेच. 'थांबली' म्हटलं असतं तर ते हसले असते. मला ते हसणं पुन्हा बघायचं होतं.

"नाही भाऊ," मी म्हणालो. "थोडी आहे."

त्यांनी लाटणं उचललं, ट्रान्सफॉर्मरवर टेकवलं, मान तिरपी केली आणि डोळे मिटले.

"आहे," ते म्हणाले. "दुसरी पाचर तासून घ्या लागते. तवरक ही धरून ठेव."

आणि आत वळून दोन चहा सांगितले. वहिनींनी एकच आणला. मी पाचर धरून उभा राहिलो.